खरेदीखतात लिहिलंय ‘ज्यूंना विकू नये’, मग घर आमचं राहील का?

प्रश्न : आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. गेल्या महिन्यात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत १९२७ साली बांधलेलं घर घेतलं. टायटल कंपनीने (घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी) दिलेल्या कागदांत जुन्या खरेदीखताची प्रत निघाली. गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला आणि ज्यूंना हे घर विकू वा भाड्याने देऊ नये, अट मोडली तर जमीन मूळ विकणाऱ्याकडे परत जाईल, असं तीत आहे. ठाण्याला सासूबाईंनी धसका घेतलाय. मालकी जाईल का? व्यवहार मोडून पैसे परत मागावेत का? जाता जाता : आधी आम्हाला टेकडीवरचं एक घर बघायचं होतं. तेव्हा एजंटचा मेसेज आला, ‘तिकडे तुम्हा लोकांना करमणार नाही, सिनेगॉगजवळचं बघा.’ (सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ.) ते घर बघायचं राहूनच गेलं.

उत्तर : ताई, मालकी जात नाही. सासूबाईंना आजच फोन करून टाका. पण पत्रात जे ‘जाता जाता’ लिहिलंत, तीच तुमची खरी केस आहे. तिच्याकडे येते, आधी अटीचं उरकू.

घर बांधलं गेलं तेव्हा अशी अट घालणं बेकायदा नव्हतं. नगरपालिकांनी कायदा करून वंशावार वस्त्या पाडू नयेत, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये ठरवलं होतं. मग तेच काम जमीनमालकांनी आणि बिल्डरांनी खाजगी करारांतून साधलं, आणि १९२६ च्या कॉरिगन विरुद्ध बकली खटल्यात कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या खटल्यात कृष्णवर्णीयांच्या बाजूने लढून हरलेल्या वकिलांत लुई मार्शल होते, त्या काळचे अमेरिकन ज्यूंचे मोठे पुढारी. वॉशिंग्टनच्या स्प्रिंग व्हॅली वस्तीतल्या खरेदीखतांनी ‘सेमिटिक’ माणसांना बंदी घातली आणि त्यांत ज्यूंबरोबर आर्मेनियन, इराणी, सीरियन असे सगळेच कोंबले.

१९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमरचा निकाल आला : करार तुम्ही खुशाल करा, तो पाळायला लावण्यासाठी कोर्ट तुमच्या मदतीला येणार नाही. १९५३ चा बॅरोज विरुद्ध जॅक्सन खटला तुमच्याच राज्यातला, लॉस एंजेलिसचा. अट मोडून घर विकणाऱ्याकडून शेजाऱ्यांना नुकसानभरपाईही मागता येत नाही, असं त्यात ठरलं. पुढे घराच्या व्यवहारात वंश-धर्मावरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट आला. शिवाय कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ५३ अशा अटी सरळ रद्दबातल ठरवतं, त्यामुळे जमीन परत जाण्याची धमकीही निकालात निघाली. म्हणूनच त्या अटीच्या जोरावर पैसे परत मिळणार नाहीत; टायटलमध्ये खोट नाही. ही अट कुठेही निघते. १९८६ मध्ये न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांची अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदासाठी चौकशी चालू असताना त्यांच्याच व्हरमाँटच्या घराच्या खरेदीखतात ज्यूबंदी सापडली होती.

सासूबाईंची भीती मात्र वेडगळ समजू नका. अहमदाबादच्या एका सोसायटीचा ‘फक्त पारशी सभासद’ हा नियम आपल्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये वैध ठरवला आहे. त्या ज्या देशात बसून विचार करताहेत, तिथे शंका रास्तच आहे.

अट कागदावरूनही काढता येते. काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयात (आपल्याकडचं सब-रजिस्ट्रार ऑफिस समजा) अट-दुरुस्तीचा फॉर्म मिळतो. जुन्या दस्ताच्या प्रतीत ती ओळ खोडून तो जोडायचा. काउंटीचा वकील तपासतो, मग नोंद होते. फी नाही, शेजाऱ्यांची संमती लागत नाही. टायटल कंपनीला मदत करायला सांगा, १ जुलै २०२२ पासून ते तिचं काम आहे. मूळ दस्त नष्ट होत नाही, काउंटीच्या नोंदींत राहतो. पुढच्या पिढीसाठी हवा असेल तर प्रत काढून ठेवा. मी तर ठेवेन.

आता एजंट. सॅन डिएगोतलंच ला होया आठवा. शेलीचा निकाल लागल्यावरही तिथे ज्यूंना घर मिळत नव्हतं, कारण काम कागदाने होतच नव्हतं, एजंटांच्या आपसातल्या समजुतीने होत होतं. घर ‘आत्ताच गेलं’ असं सांगायचं की झालं. तिथे विद्यापीठ काढायचं ठरलं आणि ज्यू प्राध्यापकांना घरं द्यावी लागणार हे त्या विद्यापीठासाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल यांनी दलालांना सुनावलं, तेव्हा कुठे ती समजूत ढिली पडली.

धर्म किंवा वंश बघून गिऱ्हाइकाला ठरावीक वस्तीकडे वळवणं फेअर हाउसिंग ॲक्टखाली बेकायदा आहे. ‘मी भल्यासाठी सांगितलं’ हा बचाव टिकायला कठीण. बेने इस्रायली म्हणून तुम्हाला ‘गोरे नाहीत’ यात मोजलं की ‘ज्यू’ यात, हा प्रश्नही केस अडवत नाही. १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचं वंशभेदाविरुद्धचं संरक्षण ज्यूंनाही आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये मेरीलँडच्या एका विटंबना झालेल्या सिनेगॉगच्या खटल्यात सांगितलं आहे.

एक गोष्ट मला कळवा : शब्बाथला (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) गाडी चालवत नाही, म्हणून सिनेगॉग चालत जाण्याइतकं जवळ हवं, असं तुम्ही एजंटला आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्याने तुमचीच मागणी पुरवली, केस लंगडी पडते. तरी ‘तुम्हा लोकांना करमणार नाही’ हे शब्द उरतातच. सांगितलं नसेल तर केस चांगली आहे. राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे किंवा केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एक वर्षाच्या आत तक्रार करा. केंद्राच्या कायद्याखाली कोर्टात दाव्याची मुदत दोन वर्षांची. मुदत मेसेजच्या तारखेपासून मोजून चाला, घर घेतल्याच्या नव्हे. मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. एजंटला फोन करून गुपचूप रेकॉर्डिंग मात्र करू नका. कॅलिफोर्नियात समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी बोलणं टेप करणं गुन्हा आहे, उलट तुम्हीच अडकाल. विचारायचं ते ईमेलवर विचारा.