शिंपल्यावरचं गोल भोक कुणी पाडलं?
वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या यात्रेतून आणलेल्या शिंपल्याला गोल भोक आहे, ते दुकानदारानं पाडलं का, असं तुम्ही विचारलंत. ते बहुतेक त्यानं नाही, नॅटिका नावाच्या शिकारी समुद्री गोगलगायीनं पाडलंय. ती वाळूत पुरून सरकते, पसरट पायात शिंपला आवळते, आम्लयुक्त स्रावानं कवच नरम करते नि दातेरी जिभेनं तासन्‌तास घासते; मग सोंड आत घालून मांस खाते. भोकाची कड बघा: बाहेरून रुंद, आत निमुळती, वाटीसारखी उतरती असेल तर काम तिचंच. ड्रिलचं भोक सरळ उतरतं. असा शिंपला मला तर अखंडापेक्षा मोलाचा वाटतो, जपून ठेवा. मात्र हे समुद्रातल्या शिंपल्यापुरतंच. वैनगंगेतल्या शिंपल्याला ती भोक पाडणार नाही, कारण ती खाऱ्या पाण्यातच राहते.