विमान ‘टॅक्सी करतं’ की चालतं?

विचारणा अशी आहे: ‘टॅक्सी करताना दोन प्रशिक्षणार्थी विमानांची टक्कर’ या मथळ्यातल्या ‘टॅक्सी करणे’ला मराठी शब्द कोणता? आणि ‘टक्कर’ बरोबर आहे का?

‘टॅक्सी करणे’ मराठीत आधीच दुसऱ्या कामाला लागलेलं आहे. ‘उशीर झाला म्हणून टॅक्सी केली’, म्हणजे भाड्याने घेतली. विमानाच्या बाबतीत अर्थ वेगळा: उड्डाण आणि उतरणं सोडून, विमानाने स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर विमानतळाच्या जमिनीवर केलेली ये-जा. ट्रॅक्टरने ओढून नेलं तर ती यात मोडत नाही.

मला इथे ‘चालणे’ सगळ्यात चपखल वाटतं. धावपट्टीवर विमान धावतं हे मराठीने केव्हाच मान्य केलंय, मग तिथवर ते चालत जातं. शिकणाऱ्या वैमानिकालाही हेच सांगतात की भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ने. फक्त ‘चालवताना’ लिहू नका, त्याने वाचक विमान थेट आकाशात नेतो. ‘धावपट्टीकडे जाताना’ किंवा ‘जमिनीवर चालत असताना’ पुरे.

दोन्ही विमानं हलत असतील तर टक्कर. एक उभं असेल तर दुसऱ्याने त्याला धडक दिली. पण लहान विमानांच्या बाबतीत आणखी एक क्रियापद हाताशी ठेवा: लागणे. सेसना १७२ या लहान प्रशिक्षण विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर, म्हणजे दोन्ही अंगांना साडेपाच-साडेपाच. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला नजर क्षणभर खाली जाते आणि पंखाचं टोक शेजारच्या विमानाच्या शेपटीला लागतं. चाक मात्र जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेवरच असतं! रेषा चाकांना वाट दाखवते. विमानं उभी करण्याच्या जागेत पंखाला वाव आहे का, हे वैमानिकालाच बघावं लागतं.

फिरता प्रोपेलर कशाला भिडला असेल तर मात्र ‘लागलं’, ‘घासलं’ असे सौम्य शब्द वापरू नका. पातं फारसं वाकलेलं दिसलं नाही तरी हादरा आत इंजिनापर्यंत गेलेला असू शकतो, ते उघडून तपासावं लागतं.

मथळ्यातली खरी चूक विचारणाऱ्याच्या नजरेतून सुटलीय. प्रशिक्षणार्थी म्हणजे शिकणारा माणूस. विमान काही शिकत नाही, ते प्रशिक्षण विमान. तेव्हा मथळा असा हवा: ‘धावपट्टीकडे जाताना दोन प्रशिक्षण विमानांची टक्कर’.