घरच्या रेसिंग सिम्युलेटरसाठी प्रोजेक्टर: शॉर्ट थ्रो की साधा, एक की तीन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिग (सीट, स्टिअरिंग आणि पेडलांचा सांगाडा) तयार आहे, समोरचा ३२ इंची मॉनिटर काढून भिंतभर चित्र हवंय, पण शॉर्ट थ्रो (भिंतीजवळूनच मोठं चित्र पाडणारा) घ्यावा की साधा, फोर-के म्हणजे जास्त पिक्सेलांचं चित्र लागेल का, आणि एकाऐवजी तीन प्रोजेक्टर लावावेत का, हे ठरत नाहीये. मी स्वतः प्रोजेक्टरवरच चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॉडेलांच्या याद्या तूर्त बाजूला ठेवा आणि आधी टेप घ्या. डोळ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर आणि जमिनीपासून डोळ्याची उंची ही दोन मापं हातात आली की बरीचशी मॉडेलं आपोआप गळतात.

सीटवर नेहमीसारखे बसा, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, आणि कोणाला तरी मापं घ्यायला सांगा. जीटी पद्धतीच्या (साध्या गाडीसारख्या) बैठकीत डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर येतात, फॉर्म्युलासारख्या आडव्या बैठकीत बरेच खाली. समजा तुमचे ११० वर आहेत आणि डोळ्यापासून भिंत १५० सेंटिमीटरवर आहे. या भिंतीवर २४० सेंटिमीटर रुंद आणि १३५ उंच चित्र पाडलं, तर आडवा दिसणारा कोन सुमारे ७७ अंश होतो. सिमवाले यालाच एफओव्ही म्हणतात. तुमचा ३२ इंची मॉनिटर ७० सेंटिमीटरवर असेल तर हाच कोन जेमतेम ५४ अंश भरतो. प्रोजेक्टरचा खरा फायदा या फरकात आहे. वळणाचा आतला कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) मान न वळवता दिसू लागतो, गाडी खऱ्या मापाची वाटते, आणि डोळे जवळच्या काचेऐवजी दीड मीटरवर स्थिरावतात. लांबच्या शर्यतीत हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता उंचीकडे या, कारण नेमकं इथेच होम थिएटरचे सल्ले कामाला येत नाहीत. क्षितिज डोळ्यांच्या रेषेत हवं, नाहीतर आपण खड्ड्यात बसून चालवतोय असं वाटत राहतं. म्हणजे चित्राचा मध्य ११० वर, खालची कड ४२ च्या आसपास आणि वरची कड १७८ वर. सोफ्यावर बसून सिनेमा पाहणारे चित्र याहून बरंच वर लावतात. बहुतेक प्रोजेक्टर छताला उलटे टांगले की चित्र लेन्सच्या पातळीच्या खाली पाडतात, आणि किती खाली ते मॅन्युअलमध्ये ऑफसेट म्हणून दिलेलं असतं. ऑफसेट ११५ टक्के असेल तर चित्राच्या उंचीच्या १५ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात २० सेंटिमीटर, लेन्स वरच्या कडेच्या वर राहायला हवी. लेन्स १९८ वर आली. म्हणजे प्रोजेक्टर छताला चिकटवून भागणार नाही, पाइप घालून खाली आणावा लागणार. ‘छताला लावतो आणि कीस्टोनने सरळ करतो’ हा मोह टाळा. डिजिटल कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय. ती चित्र आतल्या आत चेपते, त्यात पिक्सेल वाया जातात आणि अनेक मॉडेलांत लॅगही (चित्र उशिरा दिसणं) वाढतो. लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच सरकवून चित्र हलवणं, ही वेगळी गोष्ट आहे, ती असेल तर जरूर वापरा, पण शॉर्ट थ्रोमध्ये ती क्वचितच मिळते.

शॉर्ट थ्रो की साधा, याचं उत्तरही याच मापांतून निघतं. थ्रो रेशो म्हणजे लेन्स ते पडदा अंतर भागिले चित्राची रुंदी. ०.५ रेशोचा शॉर्ट थ्रो आपल्या २४० सेंटिमीटरच्या चित्रासाठी भिंतीपासून १२० वर लागेल, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या थोडा पुढे, डोक्याच्या वर. सावलीचा प्रश्नच नाही. मात्र उठताना डोकं आपटू शकतं, पंख्याचा आवाज आणि गरम हवा जवळ येते, आणि प्रोजेक्टर १० सेंटिमीटर मागे सरकला तर चित्र २० सेंटिमीटरने रुंदावतं. बऱ्याच शॉर्ट थ्रोंना झूम नसतो, त्यामुळे छताला भोकं पाडण्याआधी प्रोजेक्टर शिडीवर किंवा स्टूलवर ठेवून चित्र पाडून बघाच.

१.३ रेशोचा साधा प्रोजेक्टर भिंतीपासून ३१० वर, म्हणजे तुमच्या पाठीमागे दीड मीटरवर येतो. इथे सगळे सांगतात की डोक्याची सावली पडेल, म्हणून शॉर्ट थ्रोच घ्या. मी कागदावर मांडून पाहिलं. लेन्स १९८ वर आणि हेडफोन घातलेल्या डोक्याचा माथा १२५ वर धरला, तर सावली चित्राच्या खालच्या कडेला साधारण १४ सेंटिमीटर चढते. आता तुमच्या डोळ्यातून स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून एक रेषा भिंतीपर्यंत न्या. स्टिअरिंग डोळ्यापासून ६५ सेंटिमीटर पुढे आणि वरची कड ८८ वर असेल, तर भिंतीचा जवळपास तेवढाच भाग स्टिअरिंगच्या आड जातो. म्हणजे सावली जिथे पडते तिथे तुम्हाला मुळात काही दिसतच नसतं. खोली खोल असेल तर साधा थ्रो अजिबात बाद नाही. त्यात झूम मिळतो, कधी लेन्स शिफ्टही मिळते, आणि आवाज मागे राहतो. प्रोजेक्टर आणखी खाली आणलात तर मात्र सावली वर चढेल, म्हणून आपल्या मापांनी ही रेषा एकदा काढून बघा.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो मी रिगसाठी सुचवणार नाही. तो भिंतीलगत, चित्राच्या खाली बसतो, आणि आपल्या उंचीला ती जागा नेमकी पेडलांच्या पुढ्यात येते. शिवाय इतक्या तिरक्या कोनात जमिनीचा बारीकसा हादराही चित्रभर पसरतो. याच कारणाने कुठलाही प्रोजेक्टर रिगच्या सांगाड्यावर बसवू नका. डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग (मोटर थेट जोडलेलं) किंवा सीटखालचे शेकर (कंप देणारी यंत्रं) असतील तर प्रत्येक कर्बला चित्र थरथरेल.

जागा ठरली की मग लॅग. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. ५० मिलिसेकंदांचा लॅग म्हणजे तुम्ही पावणेतीन मीटर मागचं चित्र बघत आहात. ब्रेकिंगची सवय करून घेता येते, पण मागची चाकं सुटतात तेव्हा खरी अडचण होते. फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगची मोटर देते तो जोर) हाताला आधी सांगतो, डोळ्याला उशिरा कळतं, आणि हात गरजेपेक्षा जास्त उलटं वळवतात. गाडी मग दुसऱ्या बाजूला फिरते. सिनेमासाठी बनलेल्या काही प्रोजेक्टरांचा लॅग प्रक्रिया चालू असताना शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो, म्हणून गेम मोडमधला मोजलेला आकडा शोधा. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) १६-१७ मिलिसेकंद आणि १२० हर्ट्झला ८-९ म्हणजे उत्तम. ६० ला ३० च्या वर असेल तर मी घेणार नाही. गेम मोड लावल्यावर फ्रेम इंटरपोलेशन (मधली चित्रं प्रोजेक्टरने स्वतः घडवणं) खरंच बंद झालंय ना, तेही बघा.

फोर-के की १२० हर्ट्झ, या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. बऱ्याच फोर-के डीएलपी (बारीक आरशांच्या चिपने चित्र घडवणाऱ्या) प्रोजेक्टरांत चिप १९२० बाय १०८० चीच असते आणि प्रत्येक पिक्सेल झपाट्याने चार जागी सरकवून पूर्ण चित्र घडवतात. हेच प्रोजेक्टर १२० किंवा २४० हर्ट्झला चालवले की साध्या १०८०पी (१९२० बाय १०८०) वर येतात. म्हणजे अनेकदा एकाच यंत्रात निवड करावी लागते. १०८०पी चं नुकसान कुठे होतं ते मोजता येतं. आपल्या चित्राच्या मध्यभागी एका अंशात सुमारे २१ पिक्सेल येतात. दीडशे मीटरवरची एक मीटर रुंद ब्रेकिंगची पाटी (वळणापर्यंतचं अंतर सांगणारी) जेमतेम ८ पिक्सेलांत मावते. तुमचा मॉनिटर १४४०पी (२५६० बाय १४४०) असेल तर त्यावर तीच पाटी १७ पिक्सेलांची होती. पाटी आहे हे कळतं, आकडा वाचता येत नाही. फोर-केमध्ये ती १६ पर्यंत जाते.

तरीही मी १२० हर्ट्झच निवडतो. ब्रेकिंगची खूण लॅपांगणिक पाठ होते, पण गाडी घसरायला लागल्याची जाणीव दर वेळी ताजीच लागते. ग्राफिक्स कार्डात जोर असेल तर गेम आतून जास्त रिझोल्यूशनला रेंडर करून १०८०पी ला बाहेर पाठवा. दूरच्या पाट्या आणि कठड्यांचं चमचमणं बरंच कमी होतं. तुम्ही मुख्यतः एकटे, निवांत, लांब पल्ल्याचं चालवत असाल, तर फोर-के ६० ला माझी हरकत नाही.

डीएलपीबद्दल एक सांगून ठेवतो. एका चिपच्या लॅम्प मॉडेलांत फिरतं रंगचक्र असतं, आणि नजर झटकन हलली की काहींना उजळ कडांभोवती लाल-हिरव्या-निळ्या रेघा चमकतात. सिममध्ये नजर सारखी आरशाकडे जाते, रात्रीच्या शर्यतीत पुढच्या गाडीचे लाल दिवे असतात, त्यामुळे हे जास्त खटकतं. काहींना अजिबात दिसत नाही. विकत घेण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी अंधाऱ्या खोलीत बघा. थ्री-एलसीडीमध्ये, म्हणजे तीन रंगांना तीन वेगळी पॅनेलं असलेल्या प्रोजेक्टरांत, हा त्रास नसतो.

ल्युमेन्सच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या आकड्याच्या, मागे फार धावू नका. १५०० खरे ल्युमेन्स साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर आपल्या मापाला सुमारे १४७ निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप) देतात, आणि सिनेमागृहाचं प्रमाण ४८ निट्स आहे. जाहिरातीतला आकडा सर्वात उजळ, हिरवट मोडमधला असतो हे धरूनसुद्धा अंधाऱ्या खोलीत पुरून उरतं. त्यापेक्षा पडद्याजवळचं छत आणि बाजूच्या भिंती गडद करा. पांढरं छत चित्राचा उजेड परत पडद्यावर फेकतं आणि रात्रीचा ट्रॅक राखाडी होतो.

तीन प्रोजेक्टर आणि वक्र पडदा हे चित्रांत फार देखणं दिसतं, पण सुरुवातीला नको. चित्रं एकमेकांवर चढवून कडा मिसळाव्या लागतात, वक्रतेसाठी वार्प करावं लागतं (चित्र वाकवावं लागतं), आणि त्यासाठी इमर्सिव्ह डिस्प्ले प्रोसारखं सॉफ्टवेअर मध्ये येतं. जिथे दोन चित्रं एकमेकांवर येतात तिथे काळा रंगही दुप्पट उजळतो, आणि रात्री तो पट्टा ठळक दिसतो. दिवे जुने होताना तिन्हींचे रंग वेगवेगळे उतरतात, तेव्हा जुळवणी पुन्हा. तीन हवेतच असतील तर वक्र पडदा सोडा आणि तीन सपाट फळ्या कोनात उभ्या करा. कडा कोपऱ्यात येतात, मिसळायची गरज राहत नाही, आणि तिरक्या पडद्यांचं गणित गेममधला ट्रिपल स्क्रीनचा पर्याय स्वतः करतो. पण शेजारी आलेली गाडी दिसणं हाच तुमचा हेतू असेल, तर तीन मॉनिटर किंवा व्हीआर कमी कटकटीत ते काम करतात.

सगळं बसलं की गेममध्ये एफओव्ही खऱ्या मापाचा टाका. आयरेसिंग आडवा कोन धरतो, तिथे ७७. असेटो कॉर्सा आणि आरफॅक्टर २ उभा धरतात, तिथे याच चित्रासाठी साधारण ४८. घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल आणि सीट १० सेंटिमीटर पुढे सरकणार असेल, तर कोन ८१ होतो, म्हणून त्यांच्या नावाने वेगळं प्रोफाइल करून ठेवा.