आत उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीला पडद्याचं कापड किती लागेल?

तुम्ही विचारलंय की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरात, 4 फूट रुंद, साडेचार फूट उंच आणि झडपा आत उघडणाऱ्या खिडकीला रिंगांचे दोन पडदे (कापडातच बसवलेल्या रिंगांतून रॉड जातो ते) करायचे, तर कापड किती आणावं. खिडकीच्या मापावरून कापड काढू नका. पडदा रॉडला लटकतो, तेव्हा आधी रॉड बसवून घ्या आणि मगच टेप लावा. टेप स्टीलची हवी, शिंप्याची कापडी टेप वापरून ताणलेली असते.

रॉडची लांबी तुमच्याकडे झडपा ठरवतात. झडप 90 अंशांत उघडली की ती चौकटीच्या कडेला खोलीत येऊन उभी राहते. सारलेला पडदा तिच्या पलीकडे, भिंतीवर मावला पाहिजे, नाहीतर रोज खिडकी उघडताना कापड झडपेत सापडणार. भरपूर चुण्यांचा पडदा सारल्यावर एका बाजूला 10 ते 12 इंच जागा खातो. म्हणून चौकटीच्या दोन्हीकडे 12-12 इंच सोडा: 48 आणि 24 मिळून 72 इंच. बाहेर उघडणाऱ्या झडपांना 6-6 इंच पुरतात. झडप मागे भिंतीपर्यंत नेऊ नका, आकडा लावून 90 अंशांवरच अडकवा. शेजारी कपाट किंवा कोपरा असेल आणि 12 इंच मिळतच नसतील, तर रॉडचा नाद सोडून झडपांवरच वर-खाली स्प्रिंगची तार ओढून छोटे पडदे लावा. ते झडपेबरोबर फिरतात.

रॉड चौकटीच्या वर 5 इंचांवर घ्या. खुणा चौकटीवरून मोजून करू नका, जुन्या चौकटी क्वचितच सरळ असतात. पाणसळ लावा. 6 फुटांच्या रॉडला मधला ब्रॅकेट लागतोच. रिंगा त्यावरून सरकत नाहीत, पण तुमचे पडदे दोन असल्याने अडचण येणार नाही. चिरा सच्छिद्र असतो आणि जुन्या भिंतीत सांधे मातीचे असतात. सांध्यात मारलेली गुट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात ती) पडदा ओढता ओढता सैल होते. चिऱ्याच्या मधोमध 8 मिलिमीटरचं भोक पाडून लांब स्क्रू वापरा. त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे भिंतीवर लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी पक्की करून ब्रॅकेट तिच्यावर बसवणं.

आता कापड. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा 48 किंवा 54 इंच असतो. दुकानात आधी तोच विचारा. 54 धरू. दोन पन्हे घेतले तर कडा दुमडून जेमतेम 100 इंच उरतात, 72 इंचांच्या रॉडवर ते चादर टांगल्यासारखे दिसतात. तीन पन्हे घ्या, एका बाजूला दीड. शिलाई जाऊन सुमारे 152 इंच राहतात, म्हणजे रॉडच्या दुपटीहून थोडं जास्त, आणि चुण्या छान पडतात. अर्ध्या पन्ह्याचा जोड बाहेरच्या कडेला टाकायला सांगा. रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येत, इथे 12. विषम झाल्या तर एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते.

लांबी: रॉडच्या वर दीड इंच, रॉडपासून चौकटीपर्यंत 5, खिडकी 54, खाली 7, म्हणजे साडेसदुसष्ट. 68 धरा. वरखालच्या दुमडीला 10 मिळवले की 78. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटतं, त्यासाठी 3 इंच वाढवून 81. गुणिले तीन, 243 इंच, म्हणजे सव्वासहा मीटर. मोठं डिझाइन असेल तर ते किती इंचांनी पुन्हा येतं ते मोजा. 24 इंचांनी येत असेल तर 81 चे 96 होतात आणि साडेसात मीटर लागतात. बेळगावच्या खडेबाजारात कापड घेताना हा फरक लक्षात आला नाही, तर नंतर त्याच थानातलं कापड मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्या थानाचा रंग किंचित वेगळा निघू शकतो.

खिडकी पश्चिमेची असेल तर जमिनीपर्यंत पडदे नकोत. तुमच्याकडचा पाऊस झडपांच्या फटींतून आत येतो आणि ओल्या फरशीला टेकलेली कड ऑगस्टपर्यंत बुरशीने काळी पडते. रॉड स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्या, साध्या लोखंडाचा गंज कापडावर उतरतो आणि तो डाग सहज निघत नाही.

कापड शिवण्याआधी भिजवून वाळवलंत तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर शिंप्याला खालची दुमड कच्च्या टाक्यांची ठेवायला सांगा आणि पहिल्या धुण्यानंतर, पडदा रॉडवर लटकलेला असतानाच, टाचण्या लावून ती पक्की करून घ्या.