करमत नाही, एवढंच म्हणतील

प्रिय पोरी,

आपल्या सामुदायिक रेडिओसाठी केलेला तुझा आराखडा वाचला. ‘मानसिक आरोग्य : समज आणि गैरसमज’, दर मंगळवारी अर्धा तास, तज्ज्ञांची मुलाखत आणि शेवटी श्रोत्यांचे फोन. मेहनत दिसतेय. पण आधी ते नाव बदल. आपल्याकडं ‘मानसिक’ म्हटलं की लोकांना ‘मेंटल’ ऐकू येतं. त्या नावाच्या कार्यक्रमाला फोन करायला कोण धजेल? लोक म्हणतात करमत नाही, कशात जीव लागत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाया तर ‘अंग दुखतंय’ म्हणतात नि गप्प होतात. तेच शब्द घे. डॉक्टरांनाही आधी ते ऐकव, मग माइकपुढं बसव.

दुसरं, आपल्या १०० वॉटच्या ट्रान्समीटरला नाक मुरडू नकोस. आवाज दहा-बारा किलोमीटरच जातो हे खरं. पण त्या दहा-बारा किलोमीटरात कुठल्या वस्तीवर आज टँकर येणार, कुणाच्या वाडीची जत्रा आहे, बाजारात शेळीला काय भाव मिळाला, हे दुसरं कोण सांगणार? बातम्या आपण स्वतः द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. पण पाणी, हवामान, परीक्षा, जत्रा यांची माहिती नियमात बसते. मोठ्या वाहिन्यांवर ज्या वाडीचं नाव जन्मात येत नाही, ते रोज सकाळी ऐकलं की माणूस हिशेबात धरला जातो. आपल्याला कुणी विचारत नाही, हे दुखणं औषधानं जात नाही.

रेडिओच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली म्हटलं. स्वयंसेवी संस्थांना रेडिओचे परवाने मिळायला मात्र २००६चं धोरण यावं लागलं. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यानंतरचीच, दुष्काळी माण तालुक्यातली. निम्मा तरी कार्यक्रम इथल्या लोकांनी मिळून केलेला हवा, असा नियम आहे. कागदावर तो अट वाटतो. मला तोच खरा उपचार वाटतो, आणि त्याचं कारण एक आजी.

तिच्या पडवीत ओव्या रेकॉर्ड करायला गेले होते. जातं कोपऱ्यात पालथं पडलेलं, गिरणी आल्यापासून कुणी हात लावलेला नाही. जात्याशिवाय ओवी येत नाही म्हणाली. शेवटी रिकाम्या परातीवर हात गोल फिरवत बसली, तेव्हा कुठं आवाज लागला. बांगड्या किणकिणत होत्या, मी त्या तशाच ठेवल्या. माहेराची, मेलेल्या भावाची, सासूच्या बोलण्याची ओवी. हे सगळं तिनं माणसाला कधी सांगितलं नव्हतं, जात्याला सांगितलं होतं. प्रसारण झालं तेव्हा मी मुद्दाम तिथंच होते. ऐकून खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ही मीच व्हय? सुनेला परत ऐकव.” आम्ही तिला एका शब्दाचा सल्ला दिला नव्हता.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. एका सुनेनं घरातलं काही फोनवर सांगितलं. मी नाव बदललं, गाव बदललं आणि तिचाच आवाज लावला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं कोण ते. दहा-बारा किलोमीटरात खोकल्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे मला सुचायला हवं होतं. तिनं पुन्हा फोन केला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, तर चहा दिला आणि विषय बदलला. तेव्हापासून असली गोष्ट आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात वाचतो, घरातल्या माणसांची संख्या, जनावरंसुद्धा बदलतो, आणि लावायच्या आधी जिची गोष्ट तिला वाचून दाखवतो. नको म्हणाली तर तिच्यादेखत पुसून टाकायचं. उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत द्यायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही मनाई केली आहे.

आत्महत्येबद्दल बोलावं लागेल. आपल्या भागात ते टाळून चालत नाही. पण कशी केली ते कधीच सांगायचं नाही, आणि ‘कर्जापायी’ असं एका शब्दात कारणही उरकायचं नाही. कुणी फोनवर तसं बोललंच तर गाणं लाव, माइक बंद कर आणि बोलत राहा. मरायचे विचार येतात का, हे सरळ विचारायला घाबरू नकोस. घरात कोण आहे ते विचार, त्यांना जवळ बोलवायला सांग. तू समुपदेशक नाहीस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुझ्या टेबलावर चिकटवलेला असू दे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर रोज एकदा तरी टँकरच्या वेळेसारखाच साध्या आवाजात सांग. गंभीर संगीत नको, बाई.

वेळ सांभाळ. साडेसहाचं साडेसहालाच. एक म्हातारे गृहस्थ पाच मिनिटं उशीर झाला की फोन करायचे, “आहात ना?” एवढंच विचारायचे. मला आधी राग यायचा. नंतर कळलं, बायको गेल्यापासून त्यांच्या घरात सकाळी बोलणारं आपणच.

कार्यक्रम संपला की लगेच स्टुडिओला कुलूप लावू नकोस. अर्धा तास फोनपाशी बस. प्रसारण चालू असताना जे बोलत नाहीत, ते तेव्हा मिस्ड कॉल देतात. स्टेशनच्या फोनवरून उलटा लाव.

तुझी,
ताई