आपले प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये २०२२-२३ च्या हंगामात बॉस्टन ब्रुइन्सने १३५ गुण मिळवून विक्रम केला. तरीही जाणकार माँट्रियल कॅनेडियन्सचा १९७६-७७ चा हंगाम श्रेष्ठ का मानतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विजयाला दोन गुण हा नियम दोन्ही काळांत सारखाच असला, तरी बाकीचा हिशेब बदललेला आहे. माँट्रियलने ८० सामन्यांत ६० विजय आणि १२ बरोबऱ्या अशी १३२ गुणांची कमाई केली, आणि पराभव अवघे आठ. त्या काळी साठ मिनिटांनंतर बरोबरी असली, की दोघांना एकेक गुण देऊन सामना संपत असे. बॉस्टनला ८२ सामने मिळाले, शिवाय बरोबरीची कोंडी जादा वेळेत आणि गरज पडल्यास शूटआउटने (एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकाविरुद्ध मारायच्या फटक्यांनी) फुटत असल्याने ६५ विजयांत तशा विजयांचीही भर पडली. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेल्या पाच सामन्यांचे पाच गुण मिळाले, ते वेगळेच.

गुणांपेक्षा बोलका आहे तो गोलफरक : माँट्रियलने ३८७ गोल केले आणि १७१ स्वीकारले. स्टीव्ह शटने ६०, तर गी लाफ्लरने ५६ गोल केले. लॅरी रॉबिन्सन, सर्ज साव्हार आणि गी लापॉइंट या बचावफळीपुढे पक (खेळातली रबरी चकती) आपल्या गोलाकडे क्वचितच येई. मग उंचापुरा गोलरक्षक केन ड्रायडन स्टिक बर्फावर उभी रोवून, तिच्या टोकावर हात आणि हनुवटी टेकवून, दूरवर चाललेला खेळ पाहत उभा राही. लीगमधले संघ वाढून १८ झाले होते आणि डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगने बरेच खेळाडू ओढून नेले होते, त्यामुळे समोरचे काही संघ दुबळे होते, हा आक्षेप मात्र खरा आहे.

निर्णायक फरक पडतो तो स्टॅनले चषकात, म्हणजे साखळीनंतर विजेतेपदासाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांत. बॉस्टनने २०२३ मध्ये पहिल्याच फेरीत फ्लोरिडा पँथर्सविरुद्ध ३-१ अशी आघाडी गमावली. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल खाल्ला आणि जादा वेळेत तो सामना घालवला. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्या माँट्रियलने चषकाच्या वाटेवर १४ पैकी १२ सामने जिंकले. साखळीच्या संपूर्ण हंगामात त्यांना घरच्या रिंकवर हरवणारा एकच संघ होता, बॉस्टन. आणि त्याच बॉस्टनला त्यांनी अंतिम फेरीत ४-० असे धुतले.