रेकॉर्डप्रेमींचे प्रश्न : ‘वी इन्सिस्ट!’ची एलपी

प्रश्न : जाझ ड्रमर मॅक्स रोचच्या ‘वी इन्सिस्ट!’ची एलपी वेगवेगळ्या किमतींना दिसते. कोणती घ्यावी? 180 ग्रॅमची घेतली तर आवाज चांगला येतो का? (पुणे)

उत्तर : कॅन्डिड कंपनीने 2022 मध्ये पुन्हा काढलेली, बर्नी ग्रंडमन यांनी रीमास्टर केलेली, म्हणजे छपाईसाठी ध्वनी नव्याने तयार केलेली प्रत घ्या. युरोपात 1963 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपले आहेत, त्यामुळे तिथे कुणीही ही एलपी छापू शकतो. अशा स्वस्त प्रती मूळ टेपवरून केलेल्या असतीलच असं नाही. जाकिटावर मास्टरिंग कुणी आणि कशावरून केलं ते छापलेलं नसेल, तर ती प्रत सोडून द्या. 1960 ची पहिली छपाई हवी असेल तर कॅटलॉग क्रमांक बघा, सीजेएम 8002 म्हणजे मोनो आणि सीजेएस 9002 म्हणजे स्टिरिओ. पण तिची किंमत बरीचशी जाकिटाचीच असते, आणि ते जाकीट आहेच तसं! त्या वर्षी 1 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. कव्हरवरचा फोटो त्याच आंदोलनाची आठवण करून देतो.

वजनाचं म्हणाल तर 180 ग्रॅमने आवाज सुधारत नाही. जाड तबकडी जरा कमी वाकते, एवढाच फायदा.

प्रश्न : नवी कोरी एलपी आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका अ‍ॅबी लिंकन किंचाळते तिथे आवाज फाटतो. प्रत सदोष समजून परत करू का? (नाशिक)

उत्तर : लगेच नको. ती रचना ‘ट्रिप्टिक’, तिच्यात शब्दच नाहीत, फक्त लिंकनचा गळा आणि रोचचे ड्रम्स. प्रार्थना, निषेध आणि शांती असे तीन भाग, आणि मधल्या भागात ती मिनिटभराहून जास्त वेळ किंचाळते. आवाज खरखरीत आहे, तो तसाच असायला हवा. त्यामुळे आधी तोच भाग डिजिटल आवृत्तीवर ऐका. तिथेही तेवढाच फाटत असेल तर ते टेपवरचंच आहे. याच एलपीतल्या ‘ड्रायव्हा मॅन’ गाण्यात कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन एका जागी चिरकतो, तेही असंच. तो कापू नका, असा हॉकिन्सचाच आग्रह होता.

डिजिटलवर स्वच्छ आणि तुमच्याकडे फाटका, असं असेल तर दोष बहुधा सुईच्या बसवणीत आहे. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे तीच किंचाळी आत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेली असते. लहरी इतक्या दाट होतात की साध्या गोल टोकाची सुई त्यांच्यात नीट उतरतच नाही. या एलपीत सगळ्यात अवघड आवाज नेमका बाजूच्या शेवटी आला आहे. बाजू 19 मिनिटांचीच आहे म्हणून बरं, 25 ची असती तर खाच आणखी आत गेली असती.

पहिल्यांदा सुईचं तबकडीवर पडणारं वजन तपासा. टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या हातावरच्या) आकड्यांवर विसंबू नका, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई असेल तर 2.0 ग्रॅम, ऑर्टोफॉन 2एम रेड असेल तर 1.8. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी ठेवणारे बरेच भेटतात, आणि तेच ती खराब करतात. हलकी सुई खाचेच्या भिंतीपासून सुटते आणि परत आदळते. ती झीज पुन्हा भरून येत नाही.

मग दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसलंय का ते तपासायची पट्टी. मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर आल्या पाहिजेत. दोन्ही स्क्रू थोडे सैल करून कार्ट्रिज सरकवा, घट्ट करताना ते हमखास फिरतं, म्हणून शेवटी पुन्हा बघा. एवढं करूनही आवाज फक्त उजव्या स्पीकरमध्ये फाटत असेल तर अँटी-स्केटिंग, म्हणजे टोनआर्मला बाहेर ओढणारा जोर, थोडं वाढवा, कारण हात आत ओढला गेला की उजव्या चॅनेलच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते.

सुई 300 तास वापरून झाली असेल तर हे सगळं करण्याआधी ती बदला. व्हीएम95च्या बॉडीवर मायक्रोलिनिअर, म्हणजे जास्त बारीक टोकाची व्हीएमएन95एमएल सुई थेट बसते. या किंचाळीसाठी तो खर्च आम्हाला पटतो.

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून टर्नटेबल आणलं. 110 व्होल्टचा स्टेप-डाउन लावला, तरी सगळं संथ आणि खालच्या सुरात वाजतं. (ठाणे)

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. सिंक्रोनस एसी मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून तसं मशीन इथे मिनिटाला 33⅓ ऐवजी 27.8 फेऱ्या घेतं आणि सूर पेटीवर तीन पट्ट्या खाली येतो. ‘वी इन्सिस्ट!’ची पहिली बाजू घड्याळ लावून ऐका. 19 ऐवजी 23 मिनिटं लागली तर रोग हाच. त्या मॉडेलची 50 हर्ट्झची मोटरवरची पुली मिळाली तर ती बसवा. वेग तपासायला स्ट्रोब चकती (दिव्याखाली वेग बरोबर असेल तर हिच्यावरच्या रेषा स्थिर दिसतात) वापरायची तर 180 रेषांची हवी. अमेरिकन चकतीवर 216 असतात, त्या आपल्या दिव्याखाली चुकीचा वेगच बरोबर दाखवतील. एलईडी दिवा न लुकलुकणारा असेल तर रेषा दिसणारच नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात एलपीवर पांढरी बुरशी येते. (रत्नागिरी)

उत्तर : 800 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, 200 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा. आरओचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. बुरशी कागदी आतल्या पाकिटात राहते, म्हणून जुनं पाकीट फेकून पॉलिथिनचं घ्या. जाड पीव्हीसीचं बाहेरचं कव्हर पावसाळ्यात काढूनच ठेवा.

प्रश्न : ‘ड्रायव्हा मॅन’चा ठेका पकडता येत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : पाच मोजा. झपतालाची सवय असेल तर जड जाणार नाही. दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ड्रमच्या कडेवर फटका पडतो. गाणं गुलामांवरच्या मुकादमाचं आहे, तो फटका चाबकाचा.